मालिकेवरच्या कॉमिकचं परीक्षण लिहिताना मालिकेचीच गोष्ट का लिहून होते?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहता. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही अमेरिकन भयमालिका मोबाइलवर पाहिली, तिच्यावरचं ‘द अदर साइड’ हे कॉमिक मिळवून वाचलं आणि आता कॉलेजच्या वार्षिकांकासाठी त्याचं परीक्षण लिहायचं आहे. पण लिहायला बसलं की मालिकेचीच गोष्ट लिहून होते. अंक वाचणाऱ्यांपैकी मालिका पाहिलेले थोडे, कॉमिक वाचलेलं तर कुणीच नाही. कॉमिक आवडलं एवढं नक्की, पण का आवडलं ते सांगता येत नाही. वरून संपादक म्हणतात, शेवटी स्टार द्या.

मी तालुक्याच्या गावी एक छोटं सार्वजनिक वाचनालय सांभाळतो आणि बऱ्याच वर्षांपासून कॉमिक्सवर लिहीत आलो आहे. त्या कामातून जे हाती लागलं, ते सांगतो.

शब्द सापडत नाहीत ही तुमची अडचण आहे, असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. ज्या मराठीत तुम्ही प्रश्न विचारला, ती परीक्षणाला पुरेशी आहे. अडचण दुसरीकडे आहे. कॉमिक वाचताना तुमच्या डोक्यात मालिका चालू होती. चौकटीत विल, म्हणजे गोष्टीतला हरवलेला मुलगा, दिसला की त्या नटाचा आवाज ऐकू आला, अंधारं रान दिसलं की मालिकेतलं ते सिंथेसायझरचं संगीत सुरू झालं. कागदावर यातलं काहीच नाही. आवाज आणि संगीत तुम्ही घरून नेलं. मग जी भीती वाटली त्यात कॉमिकची किती आणि तुमच्या आठवणीची किती, याचा हिशोब लागत नाही. आणि तो लागत नाही म्हणून पेन आपोआप ओळखीच्या वाटेला, म्हणजे मालिकेच्या गोष्टीकडे वळतं. अशा कॉमिकचं परीक्षण म्हणजे माझ्या लेखी हाच हिशोब मांडणं. कागदाने स्वतःच्या बळावर काय केलं आणि काय उसनं घेतलं, ते वाचकाला सांगायचं.

उसनं घेण्यात वाईट काही नाही. जो वाचक मालिका पाहून आला, त्याच्या आठवणीला कामाला लावायचा कॉमिकला पूर्ण हक्क आहे. फक्त लिहिणाऱ्याला ते ओळखता यायला हवं.

हे ओळखायचं कसं, ते बऱ्याच अंशी कॉमिक मालिकेच्या काळात कुठे बसतं त्यावर अवलंबून असतं. काही कॉमिक्स मालिकेच्या आधीची गोष्ट सांगतात. ‘सुपरनॅचरल’ ही भुताखेतांशी लढणाऱ्या दोन भावांची मालिका 2005 मध्ये सुरू झाली आणि 2007 मध्ये वाइल्डस्टॉर्म या प्रकाशनाने ‘ओरिजिन्स’ नावाचं कॉमिक काढलं. त्यात त्या दोघा भावांचा बाप, जॉन विंचेस्टर, बायको गेल्यावर भुताखेतांच्या मागावर कसा लागला ते आहे. अशा ठिकाणी मी एकच बघतो: मालिकेत आपल्याला जो कडक, अबोल बाप दिसतो, तो तसा कसा झाला हे या पानांवरून पटतं का? नुसती हकीकत भरली असेल, अमुक वस्तू त्याच्याकडे अशी आली, तमुक माणूस त्याला इथे भेटला, तर ती माहिती झाली, गोष्ट झाली नाही.

काही कॉमिक्स मालिका संपल्यावर पुढे चालतात. ‘बफी’, म्हणजे पिशाच्चांशी लढणाऱ्या एका मुलीची मालिका, 2003 मध्ये सातव्या सीझननंतर थांबली. 2007 मध्ये डार्क हॉर्स या प्रकाशनाने आठवा सीझन कॉमिकमध्ये सुरू केला, मालिकेचे कर्ते जॉस व्हेडन यांच्याच देखरेखीखाली, आणि तो 40 अंक चालला. तिथे बफीची बहीण डॉन सुरुवातीलाच राक्षसाएवढी प्रचंड झालेली दिसते. टीव्हीवर हे दाखवायला किती पैसा लागला असता! कागदावर घर काढा की डोंगराएवढी मुलगी काढा, शाई तेवढीच लागते. म्हणून अशा कॉमिकमध्ये मी विचारतो, हे मोकळं रान मिळाल्यावर लेखकाने त्याचं केलं काय? माझं मत सांगायचं तर बफीची ताकद लहान जागेत होती. शाळेतली, घरातली दुखणी तिथे राक्षसाचं रूप घेऊन येत. पट जसजसा मोठा होत गेला, तसतसं ते दुखणं मला लांबून दिसायला लागलं. कुणाला नेमकी तीच भव्यता आवडेल. त्याने तसं कारणासहित लिहावं.

तुमचं ‘द अदर साइड’ तिसऱ्या प्रकारात मोडतं. ते मालिकेच्या मधल्या फटीत बसतं, आणि हा प्रकार मला सगळ्यात अवघड वाटतो. म्हणून इथे जरा थांबू.

पहिल्या सीझनमध्ये 6 नोव्हेंबर 1983 च्या रात्री विल बायर्स हॉकिन्स गावातून नाहीसा होतो. पुढे जवळजवळ सगळा सीझन आपण त्याला शोधणाऱ्यांच्या बाजूने पाहतो: आई, भाऊ, पोलीसप्रमुख, मित्र. तो त्या उलट्या जगात (‘अपसाइड डाउन’, आपल्याच गावाची अंधारी, मेलेली प्रत) काय भोगतोय ते मालिका आपल्यापासून राखून ठेवते. चार अंकांचं हे कॉमिक 2018 मध्ये आलं, लेखन जोडी हाउझर यांचं, चित्रं स्टेफानो मार्टिनो यांची, आणि ते नेमकं तेच दाखवतं जे मालिकेने झाकलं होतं. (शाई, रंग आणि अक्षरं करणाऱ्यांची नावं आत छापलेली असतात. तीही परीक्षणात लिहा. कॉमिक एकट्या लेखकाचं कधीच नसतं.)

यात मोठी जोखीम आहे. पहिला सीझन पाहिलेल्या प्रत्येकाला शेवट ठाऊक आहे. विल वाचतो. म्हणजे ‘तो मरेल का’ हा प्रश्न, ज्याच्यावर अशा गोष्टी चालतात, तो पहिल्या पानाआधीच संपलेला. मग भीती आणायची कुठून? तुमच्या परीक्षणाचा कणा इथे आहे असं मला वाटतं. हे कॉमिक जेव्हा राक्षसाच्या मागे लागतं, पळापळ दाखवतं, तेव्हा ते मालिकेपुढे उणं पडतं, कारण पळापळ हे हलत्या चित्राचं काम आणि निकाल आधीच लागलेला. पण जेव्हा ते त्या मुलाच्या एकटेपणाला धरतं, तेव्हा निकाल ठाऊक असून काही बिघडत नाही. एकटेपणा पुढे संपणार आहे म्हणून आत्ता कमी होत नाही.

आणि एकट्या मुलाजवळ असतं काय? मालिकेच्या पहिल्याच भागातला सुरुवातीचा प्रसंग आठवा. चार मुलं तळघरात डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं बनून फाशांवर खेळायचा खेळ खेळताहेत. राक्षस समोर येतो. विल बचावाचा मंत्र टाकू शकला असता, तो आगीचा गोळा टाकतो. फाशावर तेरा किंवा जास्त हवे असतात, पडतात सात. फासा जमिनीवर घरंगळलेला, खेळ चालवणाऱ्या माइकने पाहिलेला नाही, खोटं सहज खपलं असतं. घरी निघताना विल माइकला आपणहून सांगतो की सातच पडले होते, राक्षसाने मला पकडलं. एवढ्या एका प्रसंगात तो मुलगा कळतो. भित्रा दिसतो, पण लढणारा आहे आणि खोटं न बोलणारा आहे. कॉमिकने हाच धागा उचलला आहे. उलट्या जगात विल स्वतःला खेळातला जादूगार समजून धीर गोळा करतो. मालिकेत ही त्याची बाजू आपल्याला बाहेरून दिसली होती, कॉमिक ती आतून दाखवतं. ही कागदाची स्वतःची कमाई. तुम्हाला कॉमिक आवडलं त्याचं कारण बहुधा इथेच कुठेतरी आहे, तपासून पाहा.

आता कागदाची कमाई डोळ्यांनी कशी शोधायची, ते सांगतो. पुस्तक हातात घ्या आणि शब्द न वाचता एकदा सगळं चाळा. डावं पान कुठलं, उजवं कुठलं, याकडे लक्ष द्या. छापील पुस्तकात उजवं पान संपलं की उलटावं लागतं, आणि उलटेपर्यंत पुढचं काही दिसत नाही. म्हणून उजव्या पानाच्या तळाशी शेवटची चौकट, त्यात मुलगा मागे वळून बघतोय, आणि डाव्या पानाच्या माथ्यावर त्याने काय पाहिलं ते, ही भीतीच्या कॉमिकची जुनी, खात्रीची रचना आहे. धक्का जर उजव्या पानाच्या मध्यावर छापला असेल तर वाया गेला, कारण पान उलटल्याबरोबर नजरेच्या कोपऱ्यातून तो आधीच दिसून जातो. चौकटी लहान होत गेल्या की श्वास आखडतो, अचानक पानभर एकच चित्र आलं की मोकळं उघड्यावर आल्यासारखं होतं. दोन चौकटींमध्ये किती वेळ गेला, ते ठरवणारा वाचक असतो. टीव्हीवर हा वेळ दिग्दर्शकाच्या हातात, इथे तुमच्या अंगठ्यात.

यातूनच एक गोष्ट निघते, जी आपल्याकडच्या वाचकांसाठी फार महत्त्वाची आहे. आपल्यापैकी बहुतेकजण कॉमिक मोबाइलवर वाचतात. खेड्यात राहणाऱ्याला छापील परदेशी कॉमिक मिळवायचं तर नागपूर-अमरावतीला कुणाला तरी सांगावं लागतं किंवा ऑनलाइन मागवावं लागतं, आणि किंमत पाहून हात मागे येतो. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचली की पान ही गोष्टच उरत नाही. शेजारच्या चौकटी दिसत नाहीत, दोन पानांवर पसरलेलं चित्र तुकड्यातुकड्याने येतं, पान उलटण्याचा धक्का तर पूर्ण नाहीसा होतो. म्हणून परीक्षणात स्पष्ट लिहा, मी हे छापील वाचलं किंवा फोनवर वाचलं. फोनवर वाचलं असेल तर निदान दोन-तीन महत्त्वाची पानं पूर्ण पान एकदम दिसेल अशी उघडून पाहा, जमल्यास कुणाच्या लॅपटॉपवर. मगच मांडणी चांगली की वाईट ते ठरवा.

चेहऱ्यांबद्दलही लिहा. मालिकेवरच्या कॉमिकमध्ये चित्रकाराच्या पायात एक बेडी असते: पात्र नटासारखं दिसलं पाहिजे. फोटो समोर ठेवून काढलेला चेहरा हुबेहूब होतो आणि बहुतेक वेळा मेलेला असतो. ओठ बोलताहेत, डोळे फोटोतलेच. उलट ज्याने साम्य थोडं सैल सोडलं, त्याला रडणं, दचकणं, हसू दाबणं काढता येतं. परीक्षणात ‘चित्रं छान आहेत’ हे वाक्य मी स्वतः कधी ठेवत नाही. कुठल्या चौकटीत कोणता भाव साधला आणि कुठे चेहरा फोटो होऊन बसला, हे लिहिलं की वाचक आपोआप चित्र बघायला लागतो.

आता तुमच्या वाचकांकडे येऊ. मालिका न पाहिलेले लोक ही तुम्हाला अडचण वाटते. मला ती तुमची सगळ्यात मोठी सोय वाटते. शहरातल्या परीक्षकाला असा वाचक शोधावा लागतो, तुमच्या तर शेजारीच बसला आहे.

आमच्या वाचनालयात नववीतली एक मुलगी येते. इंग्रजी ती अडखळत वाचते, त्यामुळे आधी चित्रंच वाचते. मालिकेचं नावही तिने ऐकलेलं नव्हतं. तिला हे कॉमिक दिलं आणि काही न सांगता बाजूला बसलो. ती कुठे थांबते, कुठे मागचं पान पुन्हा काढते, एवढंच बघत होतो. मध्येच तिने बोट ठेवून विचारलं, “काका, हा पोट्टा आपल्याच घरात हाय न, मंग याची माय याले काहून दिसत नाही?” उलट्या जगाची सगळी कल्पना, जी समजावायला मालिकेने कितीतरी भाग घेतले, ती या मुलीला चित्रांवरून लागली होती, आणि त्या कल्पनेतली भीतीही तिला नेमकी लागली होती. घर आहे, आई आहे, आणि तरी नाही. मी माझ्या टिपणात तेवढंच लिहिलं: ही भीती कागदाची.

थोड्या वेळाने दिव्यांचा भाग आला. मालिका पाहिलेल्यांना ठाऊक आहे, विल त्या बाजूने आईशी दिव्यांच्या उघडझापीतून बोलतो, आणि आई भिंतीवर अक्षरं रंगवून त्यांवर नाताळचे दिवे लावते. अंगावर काटा आणणारी जागा आहे ती. मुलगी तिथे क्षणभरही थांबली नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, “व्होल्टेज कमी-जास्त होत असन.” ज्या गावात डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला की आठवडा अंधारात जातो, कृषिपंपाला रात्रीची लाइन आली की माणसं बॅटरी घेऊन ओलिताला निघतात, तिथे लुकलुकणारा बल्ब घाबरवत नाही. अमेरिकेतल्या ज्या घरात दिवा कधी हलत नाही, तिथेच तो हलला की भीती वाटते. कॉमिकने ही भीती मालिकेकडून तयार घेतली, पुन्हा उभी केली नाही. मालिका पाहिलेल्याला ती लागते, न पाहिलेल्याला लागत नाही. हे परीक्षणात लिहिण्यासारखं आहे, आणि पुण्या-मुंबईचा कुणी ते लिहिण्याची शक्यता कमी, कारण त्याला ते दिसणारच नाही.

तेव्हा तुम्हीही असंच करा. घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी, मालिका न पाहिलेलं, गाठा. आधी गोष्ट सांगू नका. कुठे थांबतात, काय विचारतात, ते त्यांच्याच बोलीत टिपून घ्या आणि परीक्षणात तसंच वापरा, प्रमाण मराठीत घासूनपुसून नको. वय मात्र बघा. दहा वर्षांच्या आतल्या पोरांना हे देऊ नये असं माझं मत आहे आणि तुमच्या परीक्षणातही वयाबद्दल एक ओळ असावी. आपल्या भागात जादूटोण्याच्या नावाने खऱ्या माणसांना त्रास झालेला आहे, त्यासाठी 2013 मध्ये कायदा करावा लागला. म्हणून घरातल्या मोठ्यांना ‘भुताचं पुस्तक’ म्हटलं की धास्ती वाटते, ती मी समजू शकतो. त्यांना सांगा की या गोष्टीत कुणी बाबा नाही, मांत्रिक नाही, करणी नाही. सरकारी प्रयोगशाळेने केलेल्या उद्योगातून सगळं निघतं आणि एक मुलगा डोकं शाबूत ठेवून तगून राहतो.

मालिकेची गोष्ट किती सांगायची? माझा नेम असा: कॉमिक पहिल्या पानावर जिथे सुरू होतं, तिथपर्यंत येण्यापुरतं, चार-पाच ओळींत. ‘1983 साल, अमेरिकेतलं लहान गाव, एक मुलगा आपल्याच गावासारख्या दिसणाऱ्या पण मेलेल्या जगात अडकतो, गाव त्याला शोधतं आहे.’ बस. तो वाचतो की नाही ते लिहू नका. मी इथे लिहिलं, कारण तुम्ही पाहिलेलं आहे आणि त्याशिवाय मुद्दा मांडता येत नव्हता. तुमच्या अंकात ‘शेवट ठाऊक असलेल्यालाही हे कॉमिक धरून ठेवतं’ एवढं म्हटलं तरी काम होतं.

हे ‘खरं’ धरायचं का, मालिकेच्या अधिकृत गोष्टीत बसतं का, यावर चाहते खूप भांडतात. परीक्षणात त्याला एक वाक्य पुरे. ‘एक्स-फाइल्स’ या गूढ प्रकरणांच्या तपासाच्या मालिकेचं उदाहरण बघा. 2013 मध्ये तिचा दहावा सीझन कॉमिकमध्ये सुरू झाला, आणि 2016 मध्ये मालिका टीव्हीवर परतली तेव्हा तिने स्वतःचाच वेगळा दहावा सीझन दाखवला. म्हणून त्या कॉमिकमधली चांगली पानं वाईट झाली नाहीत. पान चांगलं आहे की नाही ते पानावरूनच ठरतं.

लिहिताना क्रम कोणता ठेवावा, असंही तुम्ही विचारलं होतं. वार्षिकांकात जागा कमी असते, म्हणून मी मालिकेपासून सुरुवात करणार नाही. तुम्हाला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेलं एक पान घ्या आणि ते वाचकासमोर उघडा. चौकटीत कोण आहे, कुठे बघतोय, अंधार किती, फुग्यात शब्द आहेत की नाहीत. मग त्या पानाने तुमचं काय केलं ते. मालिकेच्या चार ओळी त्यानंतर. पुढे जिथे कॉमिक उणं पडलं ती जागा, तीही पानासकट. त्या मुलीसारख्या तुमच्या वाचकाचं बोलणं जिथे नैसर्गिकपणे येईल तिथे येऊ द्या.

राहिला स्टारचा प्रश्न. मी स्टार देत नाही, पण संपादक ऐकत नसतील तर त्यांच्याशी भांडू नका. दोन वेगळे द्या: मालिका पाहिलेल्यांसाठी इतके, न पाहिलेल्यांसाठी इतके. माझ्या हिशोबाने या कॉमिकला पाहिलेल्यांसाठी पाचपैकी साडेतीन आणि न पाहिलेल्यांसाठी तीन. तो अर्धा तारा दिव्यांच्या भागाचा. तुमचे आकडे वेगळे निघतील आणि निघावेतच, फक्त दोन आकड्यांमध्ये जो फरक पडेल तो कुठल्या पानामुळे पडला ते खाली एका ओळीत लिहा. मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून सांगतो.